अ‍ॅनिमे पाहिल्याने फिट येते का?

आमच्या फोंड्याच्या घरी चवथीला गणपतीच्या वर माटोळी (फळे-पाने टांगून केलेली आरास) बांधून झाली की रात्री आम्ही भावंडे अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचे, भाग लावतो, आणि दरवर्षी एखादी मावशी काळजीने सांगते, "असली जपानी चित्रे पाहून मुलांना फिट येते." या समजाला आधार एका खऱ्या घटनेचा आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या अ‍ॅनिमे मालिकेचा एक भाग प्रसारित झाला, ज्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकत होता, आणि त्यानंतर सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्रास चित्रशैलीने नव्हे, त्या लखलखाटाने झाला. अशा प्रकाशाने झटका येणे हा अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असून अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांनाच तो असतो. त्यांना असा धोका व्हिडिओ गेममधून किंवा नाचाच्या दिव्यांतूनही संभवतो. मालिका चार महिने थांबली आणि १९९८ मध्ये जपानी वाहिन्यांनी लखलखाटावर मर्यादा घातल्या.

म्हणून मावशीचा सल्ला मी थोडा बदलून पाळतो: खोलीतला दिवा चालू ठेवतो, धाकट्यांना पडद्यापासून दूर बसवतो. लखलखाटाने कुणाला अस्वस्थ वाटलेच, तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून त्याने तोंड फिरवावे, कारण नुसते डोळे मिटल्याने पापण्यांतून प्रकाश आत येतच राहतो.