सेल फिरतो, पण इंजिन गॅस मागत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या पांढऱ्या गाठी ठेवायच्या गोदामात डिझेलचा काळा धूर कुणालाच नको असतो. म्हणून कुठे कुठे गॅसवरची फोर्कलिफ्ट दिसते. ती सकाळी चालू झाली नाही की पहिला हात टाकीकडे जातो. टाकी हलवून बघायची, दुसरी लावायची, पुन्हा सेल (स्टार्टर) मारायचा. सेल फिरतो, इंजिन काही धरत नाही. मग ‘गॅसच खराब आलाय’ असा निकाल लागतो. माझं मत विचाराल तर सोलापुरात गॅसवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

याचं कारण इथली हवा. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. आपल्याकडच्या एलपीजीत हे दोन्ही मिसळलेले असतात. थंड देशांत लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये ‘टाकी गारठली आहे का?’ हा प्रश्न वरच्या ओळींत असतो, कारण बर्फात ब्युटेनची वाफ होतच नाही. इथे डिसेंबरच्या पहाटेही ती वेळ येत नाही. मे महिन्यात, ४० अंशांना, शुद्ध प्रोपेनचा दाब हवेच्या दाबाच्या १३ पटींहून जास्त असतो, ब्युटेनचाही साडेतीन-पावणेचार पट. मिश्रणाचा दाब या दोहोंच्या मध्ये. टाकीत द्रव आहे तोवर दाब कमी पडायचा नाही.

द्रव आहे, पण तो नळीच्या तोंडाशी आहे का, हे मात्र बघावं लागतं. घरचा सिलिंडर उभा असतो आणि वरची वाफ देतो. फोर्कलिफ्टची टाकी आडवी असते आणि आतली वाकडी नळी तळातून द्रव उचलते. टाकीच्या कड्याला एक खाच असते आणि बसवायच्या जागी एक खुंटी. खाच खुंटीत बसली तरच नळीचं तोंड खाली राहतं. घाईत टाकी फिरवून बसवली तर भरलेली असेपर्यंत गाडी चालते आणि अर्धी झाली की बंद पडते. वजन केलं तर आत गॅस आहेच! शिवाय अशा बसवण्यात जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह वाफेत राहण्याऐवजी द्रवाखाली जातो, ते वेगळंच संकट.

दुसरी गंमत टाकीवरच्या व्हॉल्व्हच्या चाकाची. आत एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. पाइप फुटून गॅस एकदम सुसाट निघाला तर तो आपोआप वाट बंद करतो. चाक झटक्यात उघडलं की त्याला वाटतं पाइपच फुटला. उपाय सोपा आहे: चाक पूर्ण बंद करा, थोडं थांबा, मग हळूहळू उघडा.

पुढे इंजिन बंद असताना गॅस अडवणारा व्हॉल्व्ह येतो. जिथे तो विजेवर चालतो तिथे चालू होताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज, वायर, अर्थिंग तपासा. सीटखालचा स्विच आणि न्यूट्रलचा स्विचही बघून घ्या, त्यांच्यापायी मेकॅनिक फुकट फेऱ्या मारतात.

इथवरचं सगळं बहुतेक मिस्त्रींना पाठ असतं. खरी गोम पुढे आहे. टाकीत इतका दाब असूनही इंजिनाच्या तोंडाशी गॅसला जोर जवळजवळ उरलेला नसतो. रेग्युलेटर तो टप्प्याटप्प्यानं उतरवतो आणि शेवटचा टप्पा बंदच ठेवतो. इंजिन ओढेल तेव्हाच तो उघडतो, स्ट्रॉनं सरबत ओढावं तसा. ही रचना मुद्दाम केलेली आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. इंजिन बंद पडल्यावरही तो वाहत राहिला तर जमिनीलगत, माल चढवायच्या खड्ड्यात साठेल. ओढ थांबली की गॅस थांबला, हा साधा न्याय.

पण मग सेल मारताना इंजिनानं पुरेशी ओढ दिली पाहिजे. त्या वेळी इंजिन मिनिटाला जेमतेम दीड-दोनशे फेरे घेतं. हवा आणि गॅस एकत्र करणाऱ्या मिक्सरमधला रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, उचलायला हवेच्या दाबाच्या एक-दीड टक्क्याएवढा फरक पडावा लागतो. एवढ्याशा जोरावर सगळा खेळ. डायाफ्रामला सुईएवढं भोक, इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डचा ढिला बोल्ट किंवा कडक होऊन तडकलेला होज यांतलं एक असलं तरी ओढ तिथेच विरते. मिक्सरचं झाकण काढून डायाफ्राम उजेडासमोर धरा आणि कडा बोटांनी हलकेच ताणा. घडीच्या रेषेत उजेडाचा बारीक ठिपका दिसला तर गॅसवाल्याची माफी मागायला हरकत नाही.

आणि बॅटरी! ‘सेल फिरतोय ना, मग बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. सेल फिरणं आणि पुरेशा वेगानं फिरणं यांत फरक आहे. बॅटरी उतरली की फेरे कमी, फेरे कमी की ओढ कमी, ओढ कमी की डायाफ्राम उचलत नाही. वर ठिणगीही अशक्त, आणि गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरदार लागते. लक्षणं हुबेहूब ‘गॅस येत नाही’ अशी. शिसे-आम्लाच्या बॅटरीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळ मानानं निम्मं होतं. म्हणजे सोलापूरचं जे ऊन टाकीतला दाब वाढवतं, तेच बॅटरीच्या मुळावर येतं. मीटर लावून बघा: निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल मारताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत.

टॉवेलच्या कारखान्यात आणखी एक खास दुखणं असतं. सुताचे बारीक तंतू एअर फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. हवा अडली की मिक्सरमध्ये ओढ वाढते आणि हवेच्या मानानं गॅस जास्त येतो. प्रोपेन हवेत साधारण २ ते ९.५ टक्के असतानाच पेटतो आणि नीट जळायला सुमारे ४ टक्के पुरतो. साडेनऊच्या पलीकडे गेला की ठिणगी पडूनही काही होत नाही. टाकीचं चाक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून थोडा वेळ सेल मारला की साठलेला गॅस निघून जातो. नंतर फिल्टर बदला, नुसता झटकून भागत नाही.

पेट्रोलवर हात बसलेले मेकॅनिक प्लग काढून तो ओला आहे का बघतात. गॅसच्या गाडीत प्लग कोरडाच निघणार, त्यातून काही कळत नाही. इथे नाक कामाला येतं. उघड्यावर सेल मारून सायलेन्सरच्या टोकाशी गॅसला वास यावा म्हणून मिसळलेल्या मर्कॅप्टनचा तो ओळखीचा वास आला तर गॅस आत पोचतोय, ठिणगीकडे वळा. वास नसेल तर मागे टाकीकडे चला. प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघायची सवय मात्र सोडा. उघड्या भोकातून गॅस बाहेर येत असतो. गळती शोधायला साबणाचं पाणी वापरायचं, काडी नाही.

उरला व्हेपोरायझर. तो द्रवाची वाफ करतो आणि त्यासाठी उष्णता रेडिएटरच्या पाण्यातून घेतो. किलोभर प्रोपेनला ३५० किलोज्यूलच्या आसपास लागतात. रेडिएटरचं पाणी कमी झालं तर भर मे महिन्यात व्हेपोरायझरच्या अंगावर पांढरं दव गोठतं, इंजिन थोडं चालून बंद पडतं आणि लगेच पुन्हा सुरू होत नाही. तशी गाडी सावलीत उभी करून टाकीला दोष देत बसण्यापेक्षा पाण्याची पातळी बघा, पण रेडिएटर निवल्यावर. गॅससोबत येणारे जड तेलकट अंशही इथेच साचून इथला डायाफ्राम चिकटवतात. काही व्हेपोरायझरना ते काढायला तळाशी बूच असतं. टाकी बंद करून, पाइपातला गॅस संपवून, इंजिन कोमट असताना, उघड्यावर ते काढलं की काळपट, उग्र वासाचं तेल खाली येतं. कित्येक गाड्यांत हे बूच कारखान्यातून आल्यापासून एकदाही हललेलं नसतं.