ऱ्योकानचा युकाता आणि उत्सवाचा युकाता: कुठला कुठे घालायचा?

जपानमध्ये ऱ्योकानला, म्हणजे तिथल्या पारंपरिक पद्धतीच्या निवासात उतरलं की खोलीत घडी घालून ठेवलेला एक सुती झगा मिळतो. तो युकाता. जुलैच्या अखेरीस टोकियोत सुमिदा नदीकाठी आतषबाजी बघायला लोटलेल्या गर्दीत तरुण मुलंमुली जे घालून येतात, तोही युकाताच. दोन्ही सुती, दोन्ही बिनअस्तराचे, दोन्हींना बटण नाही, नुसता कमरेला पट्टा. त्यामुळे आपल्याकडून जाणारे पुष्कळ जण दोन्ही एकच धरून चालतात. मग कुणी ऱ्योकानचा झगा घालून भर शहरातल्या उत्सवाला निघतं, तर कुणी दुकानातून भाड्याने आणलेल्या युकात्यावरच रात्री आडवं होतं. खरं तर पहिला न्हाण्या-झोपण्याचा कपडा आहे आणि दुसरा चारचौघांत घालायचा. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं, तर बाकीचे बहुतेक नियम आपोआप सुचतात.

दोघांचं मूळ स्नानघरातच आहे. हेइआन काळात (794 ते 1185) सरदार-दरकदार वाफेच्या स्नानाला बसताना अंगावर पातळ झगा घेत. पुढे एदो काळात (1603 ते 1868) शहरांत सार्वजनिक स्नानगृहं वाढली, सुती कापड सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं आणि न्हाऊन आल्यावर अंगावर घ्यायचा हा झगा घालूनच लोक घरी परतू लागले. हळूहळू उन्हाळ्याच्या संध्याकाळी फिरायलाही तोच चालू लागला. ऱ्योकानचा युकाता मूळच्या कामाला धरून राहिला. उत्सवाचा युकाता रस्त्यावर उतरला आणि नटला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ऱ्योकानचा बहुतेक वेळा पांढऱ्यावर निळा किंवा निळ्यावर पांढरा, साध्या छापाचा, कधी ऱ्योकानच्या चिन्हाचा; धुऊन खळ घातलेला, थोडा कडक. पट्टा अरुंद आणि मऊ. बायका-पुरुषांना एकच बेत, फरक फक्त मापाचा. उत्सवाच्या युकात्याचं कापड मात्र नीट बघण्यासारखं असतं. चांगला युकाता चुसेन पद्धतीने रंगवतात: कापडाच्या घड्यांच्या थरावर रंग ओतून तो खाली ओढून घेतात, म्हणून आतल्या बाजूलाही बाहेरच्याइतकाच रंग चढतो. चालताना काठ उडाला, बाही उलटली, तरी आतून पांढरं फटक दिसत नाही. दुकानात विकत घेताना कापड उलटून बघा, स्वस्त छपाई तिथेच कळते.

खरी खूण मात्र बायकांच्या युकात्यात कमरेला आहे. उत्सवाचा युकाता साधारण नेसणारीच्या उंचीइतका लांब शिवतात, म्हणजे नुसता घातला तर जमिनीवर लोळेल. तो घोट्यापर्यंत वर उचलून कोशिहिमो नावाच्या बारीक दोरीने बांधतात. जास्तीचं कापड दोरीवरून खाली सोडून त्याची कमरेभोवती सरळ दुमड करतात. ही ओहाशोरी. आपण साडी वरून खोचून उंची जमवतो, त्याच कामाची ही युक्ती. तिच्यावर हानहाबा ओबी, साधारण 15 ते 17 सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, दोनदा गुंडाळून मागे गाठ. ऱ्योकानच्या युकात्याला ओहाशोरी नसते, तो आहे त्याच लांबीत बांधायचा. म्हणून तो घालून उत्सवाला गेलेली बाई जपानी माणसाला लांबूनही ओळखू येते: कमरेला दुमड नाही, पट्टा बोटभर. पुरुषांना दोन्हीकडे ओहाशोरी नाही; त्यांचा फरक पट्ट्याचा. बाहेर जाताना काकु ओबी, ताठ आणि सुमारे 10 सेंटिमीटर रुंद. तो पोटाच्या खाली, कंबरेच्या हाडावर, पुढे थोडा उतरता आणि मागे किंचित चढता बांधला की शोभतो. छातीजवळ बांधला तर मोठ्या माणसालाही लहान मुलासारखं रूप येतं.

एक नियम दोघांना सारखाच लागू, आणि त्यात चूक करू नये. आधी उजवी बाजू अंगालगत, मग डावी तिच्यावर. उलटी बाजू मृतदेहाला नेसवतात. ही शिस्त फार जुनी आहे. सम्राज्ञी गेनशोच्या काळात, इ. स. 719 मध्ये तसा हुकूमच निघाला होता. तपासायला सोपं: घातल्यावर उजवा हात छातीजवळच्या खाचेत सहज जायला हवा. आपल्या बायकांना इथे हमखास गोंधळ होतो, कारण बायकांच्या शर्टांची उजवी बाजू वर असते. आरशात किंवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बाजू उलटी दिसते, तेव्हा निकाल हातानेच लावा. परदेशी पाहुण्याने चूक केली तर कुणी रागावणार नाही, पण ऱ्योकानमधली वयस्कर बाई धावत येऊन सरळ करून देईल, आणि तिला ते मनापासून खटकलेलं असतं.

आता ऱ्योकानमधलं वागणं. माप उंचीवरून ठरतं. घोटा जेमतेम दिसावा इतकं लांब हवं. खोलीत ठेवलेलं माप तोकडं पडलं तर निःसंकोच दुसरं मागा, तोकडा युकाता बसताना हमखास उघडतो. आत अंतर्वस्त्रं असू द्यावीत, बायकांनी पातळ बनियन घातलं तर आणखी निर्धास्त. गरम पाण्याच्या कुंडाकडे जाताना, मार्गिकेत, जेवणाच्या दालनात, सगळीकडे हाच चालतो. थंडीत वर घ्यायला हाओरी, म्हणजे आखूड अंगरखा, किंवा तानझेन हा जाड झगा देतात. झोपताना गाठ पुढे किंवा बाजूला सरकवा, पाठीला टोचणार नाही.

हे स्वातंत्र्य शहरातल्या हॉटेलात गृहीत धरू नका. तिथेही पलंगावर तसाच दिसणारा झगा ठेवलेला असतो, पण तो खोलीपुरता रात्रीचा कपडा आहे. तो आणि सपाता घालून न्याहारीला किंवा खालच्या स्वागतकक्षात उतरणं म्हणजे रात्रीच्या कपड्यांत चारचौघांत येणं. बऱ्याच हॉटेलांत तशी सूचनाही लावलेली असते.

रस्त्यावरही चालणारा ऱ्योकान-युकाता हवा असेल, तर ओनसेन गावात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात जा. ह्योगो प्रांतातलं किनोसाकी हे त्यातलं सगळ्यात लोभस, असं माझं मत. विलोच्या झाडांनी झाकलेली लहानशी नदी, तिच्या आसपास विखुरलेली सार्वजनिक स्नानगृहं. सात स्नानगृहांसाठी हे गाव ओळखलं जातं. पाहुण्यांनी ऱ्योकानचा युकाता आणि गेता, म्हणजे लाकडी चपला, घालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जावं अशीच गावाची रीत आहे. तिथे जीन्स घालून फिरणाराच वेगळा दिसतो. तरी पट्टा नीट आवळून, गळपट्टी सावरूनच बाहेर पडावं.

उत्सवाच्या युकात्याचा मोसम साधारण जून ते सप्टेंबर. क्योतोतला जुलैचा गिओन उत्सव, ओसाकाचा 24 आणि 25 जुलैचा तेन्जिन उत्सव, गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमानमध्ये 13 ते 16 ऑगस्टला पहाटेपर्यंत चालणारा नाच, या त्याच्या हक्काच्या जागा. गुजोच्या नाचात रस्त्यावर आपटणाऱ्या गेतांचा ठेकाही गाण्याचाच भाग असतो. टोकियोतल्या आसाकुसा किंवा क्योतोतल्या गिओन भागातली भाड्याची दुकानं नेसवूनही देतात, आणि पहिल्या वेळी त्यांच्याकडूनच नेसून घ्यावं. बायकांच्या मानेमागे गळपट्टी मूठभर सैल सोडतात. ती मुद्दाम असते, वर ओढून बंद करू नका. पायात मोजे नाहीत, अनवाणी पाय थेट गेतांत. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा घासतो, तेव्हा निघण्याआधीच तिथे चिकटपट्टी लावा. पावलं लहान टाका. जिना चढताना उजव्या हाताने पुढचा काठ थोडा उचला, काही घ्यायला हात लांबवताना दुसऱ्या हाताने बाही धरा, नाहीतर ती कुणाच्या तरी ताटात बुडते. गाडीत टेकून बसलात तर मागची गाठ चपटी होते. पुढे सरकून बसा. शौचालयात आधी बाह्या वर खोचा, मगच काठ एकेक करून उचला.

कितीही देखणा असला तरी हा अनौपचारिक कपडा. लग्न, चहाविधी, भारी उपाहारगृह इथे रेशमी किमोनो लागतो, ज्याच्या आत नागाजुबान हा आतला लांब झगा आणि पायात ताबी मोजे असतात. युकात्यात ते दोन्ही नसतं.

परत करतानाही फरक आहेच. ऱ्योकानचा युकाता ऱ्योकानचाच. निघताना ढोबळ घडी करून खोलीत ठेवायचा, बॅगेत नाही. विकत घेतलेला मात्र आपल्या घरी वर्षानुवर्षं टिकतो. बाह्या आत दुमडून, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात धुवा. गडद निळा असेल तर पहिल्या एक-दोन वेळा एकटाच, कारण रंग जातो. पिळू नका. बाह्यांतून काठी घालून सावलीत वाळत टाका आणि दमट असतानाच शिवणींवर हाताने दाबून सरळ करा, मग इस्त्री जेमतेम लागते.