वडा विकायचा, पण तळायचा नाही

मुंबईतल्या हातगाड्या आणि फूड ट्रक यांच्या स्वच्छतेची तपासणी कुठे अडते, ते जुन्या कागदांत सापडतं. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर नावाप्रमाणे भेसळीवर होता. अन्न निरीक्षक नमुना घ्यायचा, तो प्रयोगशाळेत जायचा, मग खटला. दिवसभर ज्या बादलीत ताटल्या बुचकळतात, त्या पाण्याचा प्रश्न मागेच राहिला.

९ डिसेंबर २००३ ला महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी अटी घातल्या. जागा १ मीटर बाय १ मीटर. शिजवलेलं अन्न, कापलेली फळं, रस विकायला हरकत नाही, भेसळीचा कायदा मात्र पाळायचा. आणि रस्त्यावर काहीही शिजवायचं नाही. म्हणजे वडा विकता येईल, तळता येणार नाही. ज्या कढईची तपासणी व्हायला हवी, ती कढईच बेकायदा ठरली.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३१ ने फेरीवाल्याला परवान्यातून सूट दिली, पण नोंदणी सक्तीची केली. २०११ च्या नियमांत त्यासाठी उलाढालीची मर्यादा होती वर्षाला १२ लाख रुपये आणि शुल्क १०० रुपये. पिण्यायोग्य पाणी, झाकलेला कचरा, स्वच्छ हात हे सगळं आता नियमांत आलं. मला हे पाऊल मोठं वाटतं. पण नोंदणी एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि रस्त्यावरची जागा पालिकेच्या हाती, तीही १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने. क्रमांक मिळाला म्हणून उभं राहायचा हक्क मिळत नाही. कोणत्याही क्षणी गाडी उचलली जाईल या धास्तीत असलेला माणूस पाण्याच्या टाकीवर पैसे कशाला घालेल? अधिकाऱ्याचीही अडचण खरी आहे: नमुन्याचा अहवाल यायला १४ दिवसांची मुदत, तोवर गाडी दुसऱ्याच नाक्यावर. फूड ट्रकला वर आरटीओही आलं, कारण तो आधी वाहन आहे.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हा गुंता सोडवायची वाट दाखवली: सर्वेक्षण, ठरलेल्या जागा आणि ४० टक्के विक्रेते असलेली नगर पथविक्रेता समिती. मुंबईत त्या समितीच्या निवडणुकीला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. या दहा वर्षांत किती गाड्यांवर नोंदणीचा क्रमांक टांगला गेला, पण पाणी शेजारच्या हॉटेलातून बादलीनेच येत राहिलं.