तागाच्या मुळावरची लाल गाठ

शाळेच्या भूगोलात ताग बंगालात पिकायचा आणि त्याची गोणपाटं व्हायची. मग पावसाळ्याच्या तोंडी आपल्याकडे ऊस-भाताच्या रानात हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे कोवळा असतानाच मातीत गाडायला, पेरतात तो ताग कुठला? नाव एकच, वनस्पती वेगळ्या. गोणपाटाचा ताग म्हणजे ज्यूट. आपला ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात, तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद. पिवळी फुलं, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या शेंगा. ह्याच्याही सालीचा वाख निघतो, त्याचे दोर वळतात. कोवळा पाला जनावरं खातात, बिया मात्र विषारी असतात. पण मला ह्या झाडाचं खरं कौतुक आहे ते मुळांसाठी.

चाळीस दिवसांचं एक रोप मातीसकट हळूच उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत रक्तासारखा लाल रंग दिसला, की समजा काम जोरात चाललंय.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात. कारखान्यात तो बंध तोडायला ४०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. गाठीतले रायझोबियम जीवाणू तेच काम साध्या मातीच्या तापमानाला करतात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराने (एन्झाइमने). एका नत्र रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात, म्हणजे ऊर्जा भरपूर हवी. ऊर्जेसाठी श्वसन हवं, श्वसनाला प्राणवायू हवा. आणि नेमका प्राणवायूच नायट्रोजिनेजला निकामी करतो!

ही कोंडी फोडतं लेगहिमोग्लोबिन. ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच नातेवाईक, लोह असलेलं, म्हणून लाल. ते प्राणवायूला धरून ठेवतं आणि जीवाणूंना लागेल तेवढाच सतत पोचवतं. मोकळा प्राणवायू गाठीत जवळपास उरतच नाही. हे प्रथिन झाड बनवतं, साखरही झाडच पुरवतं, आणि बदल्यात जीवाणू अमोनिया देतात.

म्हणून ‘कुठल्याही पिकाला हवेतला नत्र खेचून देतो’ अशी जीवाणूखताच्या एखाद्या बाटलीची जाहिरात दिसली की मला राग येतो. रायझोबियम कोणत्याही मुळात शिरत नाही. मुळाने सोडलेली रसायनं त्याने ओळखावी लागतात, त्याचा उलट संकेत मुळाला पटावा लागतो, तेव्हा कुठे मूळरोम वळतो आणि वाट देतो. तागाला चवळी गटाचं रायझोबियम चालतं, हरभऱ्याचं नाही.

साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा सुरू होताच ताग गाडायचा, ह्यामागेही नत्राचाच हिशेब आहे. कोवळ्या झाडात कर्बाच्या मानाने नत्र भरपूर असतो, ते लवकर कुजतं. बी धरेपर्यंत थांबलं की खोड लाकडासारखं होतं. मग ते कुजवणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलाच नत्र उचलतात, आणि वर नुकतं लावलेलं पीक पिवळं पडतं.