मिश्र जिवाणू-जैवपटल : अस्थिसंसर्गातील स्थानिक प्रतिजैविक उपचार

मोडलेल्या हाडातील रॉड, प्लेट वा स्क्रूवर, किंवा रक्तपुरवठा तुटून मेलेल्या हाडाच्या तुकड्यावर, दोन किंवा अधिक जातींचे जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणाखाली एकत्र वस्ती करतात, तेव्हा त्या थराला मिश्र जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. अशा संसर्गाच्या जागीच प्रतिजैविक सोडणारे मणी किंवा सिमेंट (हाडात भरायचा, घट्ट होणारा लगदा) ठेवणे हा त्यावरील स्थानिक उपचार होय.

ग्रामीण विदर्भात असा संसर्ग बहुधा उघड्या अस्थिभंगातून सुरू होतो. ट्रॅक्टर उलटून किंवा पांदण रस्त्यावर दुचाकी घसरून नडगीचे हाड बाहेर येते, जखमेत काळी माती आणि शेण जाते, आणि सेवाग्राम, यवतमाळ वा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. पुढे महिनोन्‌महिने ‘रॉड टाकला तिथून पू येतो’ अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो. मधल्या काळात गावात घेतलेल्या गोळ्यांमुळे जिवाणू तपासणीत सापडत नाहीत, म्हणून रुग्णाची प्रकृती ठीक असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी साधारण 2 आठवडे प्रतिजैविके थांबवतात आणि तपासणीसाठी वरवरचा पू न घेता खोलवरच्या हाडाचे अनेक नमुने घेतात.

जैवपटलातील जिवाणू मारायला मोकळ्या जिवाणूंपेक्षा शेकडो पट, कधी हजारपट औषध लागू शकते. शिरेतून जेंटामायसिन हे प्रतिजैविक एवढ्या प्रमाणात दिल्यास मूत्रपिंड आणि कान निकामी होतील. जागेवर ठेवलेल्या मण्यांभोवती मात्र ही पातळी गाठता येते आणि रक्तात औषध थोडेच उतरते. मिश्र वस्तीत एक जात दुसरीला वाचवते, ही खरी अडचण. स्युडोमोनास या जिवाणूने सोडलेले एक द्रव्य स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूची श्वसनसाखळी (पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा) रोखते; जेंटामायसिन किंवा त्याच्याच गटातले टोब्रामायसिन पेशीत शिरायला तीच साखळी चालू असावी लागते, त्यामुळे एरवी त्या औषधाने मरणारा स्टॅफिलोकॉकस तग धरतो. म्हणून स्टॅफिलोकॉकससाठी व्हँकोमायसिन आणि स्युडोमोनाससाठी जेंटामायसिन वा टोब्रामायसिन अशी जोडी एकाच मण्यात घालणे, एकट्या औषधापेक्षा, अधिक समंजस ठरते.

1970 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गच्या बुखहोल्ट्स आणि एंगेलब्रेख्त या शल्यचिकित्सकांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत मांडली. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून उष्णता सोसणारेच औषध निवडावे लागते. आजही शस्त्रक्रियागृहात सिमेंटच्या पुडीत औषधाची पूड मिसळून लगदा कडक होण्याआधी बोटांनी लहान मणी वळतात, ते तारेत ओवतात आणि मोजून जखमेत ठेवतात. मणी जितके लहान, तितका एकूण पृष्ठभाग मोठा आणि औषध अधिक सुटते.

मेलेले हाड आणि कुजलेले मांस रक्त दिसेपर्यंत खरवडून काढलेले नसेल, तर कोणताही मणी उपयोगी पडत नाही. स्थानिक औषध त्या सफाईला केवळ जोड आहे. शिवाय सिमेंटमधून बहुतेक औषध पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडते, आणि रिकामा झालेला मणी स्वतःच जिवाणूंना बसायला जागा होतो. तो काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. सोयाबीनची कापणी किंवा कापसाची वेचणी तोंडावर असेल, तर ठरल्या तारखेला परत येणे शेतमजूर कुटुंबाला फार जड जाते. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरघळतात, त्यामुळे ते काढावे लागत नाहीत. परंतु ते विरघळताना जखमेतून काही आठवडे पांढरट पाणी येऊ शकते. ते पू नव्हे, हे रुग्णाला आणि घरच्यांना सुट्टी देतानाच समजावून सांगावे लागते. ताप, दुर्गंधी किंवा वाढती लाली दिसल्यास मात्र तारखेची वाट न पाहता परत यावे, हेही त्याच वेळी सांगतात.