अतिसूक्ष्म जीवाश्माची ओळख : नमुना पाठवण्यापूर्वी

खडकावर जेमतेम दिसणारा ठिपका जीवाश्म आहे की नुसता खनिजाचा कण, हा प्रश्न घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात. अशा नमुन्यात आम्ही काय तपासतो आणि तो आमच्याकडे येण्याआधी आपण कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आमची सर्वांत आग्रहाची विनंती अशी की, नमुना जसा मिळाला तसाच, भोवतालच्या खडकासह पाठवावा. तो स्वच्छ करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु टूथब्रशने घासल्यास कवचावरील बारीक नक्षी झिजते आणि व्हिनेगरमध्ये बुडवल्यास कवचच नाहीसे होऊ शकते, कारण फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय जीव) व ऑस्ट्राकोड (खेकडा-कोळंबीच्या गटातील सूक्ष्म प्राणी) यांची कवचे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटची असतात. कोनोडॉन्ट या नामशेष सागरी प्राण्याचे दातांसारखे अवशेष मात्र कॅल्शियम फॉस्फेटचे असल्याने चुनखडी सौम्य ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्लात विरघळवूनच ते वेगळे काढले जातात. म्हणून आधी ओळख आणि मगच आम्ल, हा क्रम आम्ही कधीही मोडत नाही. नमुना तापवू नये, तसेच त्यावर वॉर्निशही लावू नये. कोनोडॉन्टचा फिकट पिवळसर रंग जमिनीखालच्या उष्णतेने तपकिरी आणि पुढे काळा होत जातो, त्यामुळे रंग हादेखील एक पुरावा असतो.

दहापट मोठे दाखवणाऱ्या साध्या भिंगातून आपणही बरेच काही पाहू शकता. सर्वाधिक फसगत ऊइड या चुनखडीच्या गोल कणांमुळे होते. ते सहसा 2 मिलिमीटरपेक्षा लहान असतात आणि त्यांच्या नीटस गोलाईमुळे सजीवाचे अवशेष वाटतात. मात्र एखादा कण फुटलेला असेल, तर मधल्या बारीक कणाभोवती एकावर एक चढलेले थर दिसतात. फोरॅमिनिफेराच्या कवचात बहुधा भिंतींनी विभागलेले कप्पे असतात. केवळ आकार सुबक आहे म्हणून एखादा कण जीवाश्म ठरत नाही. ऑस्ट्राकोडचे कवच घेवड्याच्या बीसारखे, दोन झडपांचे असते. मधोमध छिद्र असलेली चकती आढळल्यास ती क्रिनॉइड या तारामाशाच्या नात्यातील सागरी प्राण्याच्या देठाचा तुकडा असू शकते आणि ती फुटलेली असेल, तर कॅल्साइटचे सपाट, चकाकणारे पृष्ठ दिसते. नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी मात्र बहुतेकदा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. ती खडकाच्या भेगेवर पसरते आणि तिला जाडी जवळजवळ नसते.

छायाचित्र पाठवणार असाल, तर प्रकाश वरून थेट न पाडता डावीकडून तिरका पाडावा, म्हणजे उंचवटे उठून दिसतात. मोजपट्टी नमुन्याच्याच पातळीवर ठेवावी. नमुना कोठे मिळाला आणि तो खडकाच्या कोणत्या थरातून आला की सुटा सापडला, हे अवश्य लिहावे. अनेक गटांचे आकार वेगवेगळ्या काळांत पुन्हा पुन्हा दिसत असल्याने ठिकाण आणि थर यांच्या माहितीवाचून आमचे उत्तर अपुरे राहते. सुटा कण असल्यास तो कापसात गुंडाळू नये, कारण कापसाचे तंतू कवचावरील काट्यांत अडकून काटे मोडतात. झाकणाची लहान डबी अधिक सुरक्षित असते.

प्रत्येक नमुन्याला प्रजातीचे नाव देता येत नाही आणि एकच बाजू उघडी असताना तसे नाव देणे आम्हाला योग्य वाटत नाही. कोनोडॉन्टचे पहिले वर्णन पांडर या शास्त्रज्ञांनी 1856 मध्ये केले, पण मऊ शरीराच्या ठशासह तो प्राणी शास्त्रज्ञांना 1983 मध्ये वर्णिता आला. तोपर्यंत या अवशेषांचा मालक कोण, याविषयी अनेक मते मांडली जात होती. त्यामुळे जेवढे पुराव्याने सिद्ध होते तेवढेच आम्ही अहवालात लिहितो, मग ते प्रजातीचे नाव असो, कुळाचे असो वा केवळ गटाचे, आणि कोणत्या लक्षणांवरून तो निष्कर्ष काढला हेही नमूद करतो.

आतील रचना पाहण्यासाठी कधी कधी नमुन्याचा पातळ काप घ्यावा लागतो. कापलेला भाग पूर्ववत करता येत नसल्याने, आपली लेखी संमती मिळाल्याखेरीज आम्ही नमुना कापत नाही.