नम्रतेचे श्रेय कोणाचे? ऑरांजच्या सहाव्या कलमाची पार्श्वभूमी

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते, हे ख्रिस्ती मंडळीत सहसा कोणी नाकारत नाही. वाद पेटला तो पहिले पाऊल कोणाचे, देवाचे की माणसाचे, यावरून. सहाव्या शतकात ऑरांज येथे जमलेल्या बिशपांनी आपल्या सहाव्या कलमात याच प्रश्नाला उत्तर दिले; तिथवरची वाट अशी.

चौथ्या शतकाच्या अखेरीस पेलागियस हा ब्रिटनचा तपस्वी रोममध्ये शिकवत होता. नावापुरते ख्रिस्ती झालेले लोक दुबळेपणाच्या सबबी सांगत, याची त्याला चीड होती, आणि ती रास्तच म्हणायची. माणूस स्वतःच्या इच्छेने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, असे तो शिकवी. आज्ञा पाळण्याचे बळही देवाकडेच मागणारी, उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांची प्रार्थना त्याला म्हणूनच खटकली. ऑगस्टीन उलट पौलाचा प्रश्न पुढे करी: तुला मिळाले नाही असे तुझ्याजवळ आहे तरी काय? (1 करिंथ 4:7). 415 मध्ये पॅलेस्टाईनमधल्या बिशपांनी पेलागियसला निर्दोष सोडले. 418 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या परिषदेने मात्र त्याची शिकवण फेटाळली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. उत्तर आफ्रिकेतल्या हाद्रुमेतुमच्या मठात काही संन्यासी म्हणू लागले की सगळे कृपेनेच होते, तर चुकल्यावर आम्हाला रागावू नका, फक्त आमच्यासाठी प्रार्थना करा. 426-427च्या सुमारास ऑगस्टीनने त्यांच्यासाठी दोन ग्रंथ लिहिले. कानउघाडणी हेही कृपेचेच साधन, हा त्याचा मुद्दा.

दक्षिण गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) मार्सेचा मठवासी लेखक योहान कासियन मधली वाट काढू पाहत होता. कधी देव आधी हाक देतो, कधी माणसाची सदिच्छा आधी उगवते आणि कृपा तिला वाढवते, असे त्याचे मत. ऐकायला समंजस वाटते, पण यात सुरुवातीचे श्रेय थोडे का होईना माणसाकडे जाते.

3 जुलै 529 रोजी दक्षिण गॉलमधल्या ऑरांज येथे एका चर्चच्या समर्पणासाठी जमलेल्या 14 बिशपांनी आर्ल शहराचा बिशप सीझेरियस याच्या नेतृत्वाखाली 25 कलमांवर सह्या केल्या. त्यांतले सहावे सर्वांत बारकाईचे. कृपा माणसाच्या नम्रतेवर किंवा आज्ञाधारकतेवर अवलंबून ठेवू नये. आपण नम्र होतो हेच मुळी कृपेचे दान, असे ते सांगते. आजही आपल्या श्रद्धेची साक्ष देताना लोक ‘मी स्वतःला नमवले म्हणून देवाने मला स्वीकारले’ असे सहज बोलून जातात. वाक्य नम्र दिसते, पण त्यात नम्रताच तारणाची किंमत होऊन बसते. कलमाचा रोख नेमका यावर आहे. मात्र माणसाने हातपाय हलवू नयेत असे ऑरांजने म्हटले नाही. बाप्तिस्मा झालेल्याने ख्रिस्ताच्या साहाय्याने झटून काम करावे, हेही समारोपात स्पष्ट आहे.

531 मध्ये पोप दुसरे बोनिफेस यांनी निर्णयाला मान्यता दिली. पुढे मात्र कित्येक शतके ही कलमे विद्वानांच्या नजरेआड राहिली. पंधराव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ गाब्रिएल बील शिकवत होता की जो आपल्या परीने होईल ते करतो, त्याला देव कृपा नाकारत नाही. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने आपल्या प्रसिद्ध 95 प्रबंधांच्या आधी 97 प्रबंध मांडले, ते याच शिकवणीविरुद्ध. मरीयेच्या स्तोत्रावरच्या 1521 च्या विवरणात तो आणखी पुढे जातो: खऱ्या नम्र माणसाला आपण नम्र आहोत याचा पत्ताच नसतो.

1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेनेही कृपेविना केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, हे मत धिक्कारले. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, अशा संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. कृपेला माणूस ‘साथ देतो’ म्हणजे नेमके काय करतो, याबाबत दोन्ही बाजूंची मांडणी त्यात वेगवेगळीच नोंदवलेली आहे.